चिमटी हसत नव्हती

सोमवार, दुपार

ठकूबाईस,

आजीचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे पाकिटातच. आशीर्वाद काही नासत नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस. नंबर दिसला की तुझं बोट लाल बटणावर जातं, हे मला कळत नाही असं नाही. कागद तरी हातात घ्यावा लागेल. मग खुशाल फाड. फाडता फाडता दोन ओळी नजरेखालून जातीलच.

अक्षर बघून चक्रावू नकोस, आजी या वयात शाळेत गेलेली नाही. तू गेल्यावर तुझ्या बापानं स्टुडिओत टचिंगला एक बाई ठेवल्यात. कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे मुरूम, सुरकुत्या, दुसरी हनुवटी पुसून टाकतात. दुपारी कोणी फिरकत नाही, तेव्हा मी सांगते आणि त्या लिहितात. माझ्या बोलण्याला टचिंग करायचं नाही, असं बजावलंय. त्या म्हणतात, "आजी, तेवढं सामर्थ्य माझ्यात नाही." हेही लिहायला लावलं.

इकडे सगळं ठीक. बाप कॅमेऱ्यामागे, आई काउंटरवर, आणि मी कॅमेऱ्याशेजारी माझ्या स्टुलावर, हातात खुळखुळा. अजूनही मी "आता!" म्हटल्याशिवाय तुझ्या बापाचं बोट दबत नाही. परवा एक नवराबायको पासपोर्टच्या फोटोला आले, घरून भांडून आलेले, एकमेकांकडे पाठ. मी म्हटलं, "देश सोडून चाललात की एकमेकांना?" दोघं फसकन हसले. पासपोर्टला हसरा फोटो चालत नाही म्हणून तुझ्या बापानं मलाच बाहेर काढलं.

तुझी कुत्री चिमटी बरी आहे. म्हणजे तब्येतीनं बरी आहे. एक लहानशी गोष्ट झाली, ती सांगायला हा प्रपंच.

मागच्या आठवड्यात गणिताच्या मास्तरांची मुलगी फोटोला आली होती, नवा फ्रॉक घालून. चिमटीला मांडीवर घेऊनच फोटो हवा म्हणाली. सगळ्याच मुलांना हवा असतो. तुला माहीत आहे, भिंतीवरचे चिमटीचे फोटो बघून लोक आत येतात. तर फोटो चालू असताना चिमटीनं त्या मुलीच्या हाताला चावा घेतला. काही कारण नाही, काही सूचना नाही. पुतळ्यासारखी बसली होती, तोंडभर हसत होती, आणि एकदम कडाडून. मुलीच्या तळव्याला टाके पडले. मुलंच ती, कान ओढला असेल. मी काही नीट पाहिलं नाही, खुळखुळा खाली पडला होता तो शोधत होते.

मास्तर दुकानात येऊन खूप ओरडले. ते कुत्रं पुन्हा दिसलं तर बघा, म्हणाले. तेव्हापासून चिमटीला मागच्या अडगळीच्या खोलीत ठेवलंय, पडद्यांच्या गुंडाळ्यांमध्ये. तुझ्या बापाच्या ओळखीचा एक गोदामवाला आहे, तो रविवारी तिला घेऊन जाईल. गेटपाशी बांधेल. मोकळी हवा आहे. आणखी दोन मोठी कुत्री आहेत तिथं, सोबत होईल.

बाप म्हणाला, कुत्री तिची आहे, तिला एकदा कळवा. कळवलं. तू वसतिगृहात राहतेस, तिथं कुत्रं चालत नाही, तेव्हा तुझी हरकत नसावी असं आम्ही धरून चाललोय.

थंडी असेल तिकडे. डोकं झाकून झोप.

तुझी आजी


गुरुवार

ठकू,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो, असं टचिंगवाल्या बाई म्हणतात. चांगल्या आहेत हो. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात.

काल जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. कुत्रं चावलं की काही दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं म्हणे. चिमटीच्या सुया वेळेवर झाल्यात, तिला काही रोग नाही. पण त्या चिमटीला बघून लगेच गेल्या असत्या तर बरं झालं असतं. जाता जाता भिंतीसमोर थांबल्या.

ती भिंत आठवते ना? तू होतीस तेव्हा तीन-चार फोटो होते, आता छतापर्यंत गेलेत. चिमटी बाळासोबत, चिमटी जुळ्यांच्या मधे, चिमटी लग्नाच्या जोडप्याच्या पायाशी, गळ्यात रिबीन.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आवडले. मी म्हटलं, "आमची मॉडेल आहे ती. असं गिऱ्हाईक मिळत नाही. बसवलं की बसली, पापणी हलत नाही."

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "ही का पापणी हलवत नाही, ते."

"शिस्त आहे."

"भीती आहे, आजी. घाबरलेलं कुत्रं असं थिजतं."

मला हसूच आलं. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, मला अक्षर येत नाही, पण चेहरा येतो. जन्म या स्टुलावर गेलाय. तोंड बघा तिचं, कानापासून कानापर्यंत हसतेय."

"दिवे किती लावता?"

"चार."

"म्हणजे उकडतं. ती धापा टाकतेय. आणि ओठ असे मागे ताणलेले, हे हसणं नव्हे." मग त्यांनी बोट ठेवून एकेक दाखवायला सुरुवात केली. त्या बोलत होत्या आणि मी प्रत्येकाला उत्तर देत होते, कारण उत्तर माझ्याकडे तयारच होतं, ठकू. तीच उत्तरं मी इतके दिवस गिऱ्हाइकांना देत आले होते.

डोळ्याची पांढरी कड दिसतेय, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तिरपं बघते, नटी आहे ती. जीभ नाकावर आहे, इथंही आणि इथंही. म्हटलं, बिस्कीट मागते. इथं जांभई. म्हटलं, दुपारची वेळ, झोप येणारच. इथं एक पंजा वर उचललाय. म्हटलं, टाटा करते. इथं तोंड फिरवलंय. म्हटलं, लाजते.

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर मी दोन हात केले असते, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, यातलं एखादं दुसऱ्या वेळी दिसलं असतं, तर झोप असेल, भूक असेल. पण हे सगळं एकत्र आहे, आणि प्रत्येक वेळी मांडीवर कोणीतरी घट्ट धरलेलं असताना. ती म्हणतेय, मला सोडा. कुत्रं आधी असं हळू सांगतं. ऐकलं नाही तर गुरगुरतं. चावणं सगळ्यात शेवटी. ही कधी गुरगुरली नाही का?"

"कधीच नाही," मी म्हटलं. "अगदी गुणाची."

टचिंगवाल्या बाईंनी आत्ता पेन खाली ठेवलंय. काल हे बोलणं चाललं होतं तेव्हाही त्या तिथंच बसल्या होत्या, कॉम्प्युटरकडे तोंड करून.

म्हणतात, "पुढचं सांगा, आजी."

पुढचं काही नाही. पत्र संपलं.

तुझी आजी


शुक्रवार

ठकू,

पुढचं आहे.

काल पत्र टाकलं आणि भिंतीसमोर जाऊन बसले. स्टूल उचलून तिथं नेलं. तुझी आई म्हणाली, "आई, तिकडे काय बघताय?" म्हटलं, फ्रेमवरची धूळ. तिनं फडकं आणून दिलं. तुझी आई सरळ बाई आहे.

एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेना. ज्या बाळाच्या फोटोसाठी मी सगळ्यात जास्त भाव खाल्ला होता, त्यात बाळ हसतंय, बाळाची आई हसतेय, आणि मधे चिमटी कान डोक्याला चिकटवून, पाठीची कमान करून, असं बघतेय की कोणीतरी तिला नावानं हाक मारून बाहेर बोलवावं. त्या फोटोला "आता!" मीच म्हटलं होतं. सगळ्यांनाच मी म्हटलं होतं. नेमका तोच क्षण पकडून.

चिमटी गुरगुरायची. डॉक्टरीणबाईंना मी खोटं सांगितलं.

सुरुवातीला गुरगुरायची, तू गेल्यावर. कोणी मांडीवर घेतलं की बारीक आवाज काढायची, घशातल्या घशात, पाणी उकळायला लागण्याआधी येतो तसा. मला गंमत वाटायची आणि लाजही वाटायची गिऱ्हाइकासमोर. मग मी तिच्या नाकावर टिचकी मारायचे. "उलट बोलतेस?" म्हणायचे. लोक हसायचे. थोड्या दिवसांत गुरगुरणं बंद झालं. मी सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटले, बघा, वळण लावलं.

टचिंगवाल्या बाई विचारतात, हे खरंच लिहू का? लिहा म्हटलं ना.

आता त्या दिवसाचं. खुळखुळा माझ्या हातातच होता, पडला नव्हता. मास्तरांच्या मुलीनं चिमटीला धरलं होतं, पण हळू धरलं होतं. तिनं कान ओढला नाही. कान ओढला हे मी माझ्या मनानं जोडलं, आणि मास्तरांसमोरही बोलले. चिमटीनं जांभई दिली. मी म्हटलं, "राणीसरकारांना झोप आली." सगळे हसले. मग तिनं नाक चाटलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. फोटोत तोंड यायला हवं, म्हणून मी उठले, आणि गिऱ्हाइकांची हनुवटी जशी दोन बोटांनी वळवते तशी तिची वळवली. तिनं परत फिरवली. मी परत वळवली, आणि या वेळी तशीच धरून ठेवली. "आता!" म्हटलं.

ती मला चावायला निघाली होती, ठकू. मी हात काढला. मुलीचा हात तिथं होता.

तुझ्या बापाला हे माहीत नाही. त्याचा डोळा कॅमेऱ्याला होता, आणि मी पाठमोरी होते. त्यानं मला विचारलं, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही कारण नाही, काही सूचना नाही. त्यानं चिमटीला मानेला धरून उचललं आणि अडगळीत टाकलं. ती ओरडली नाही. ओरडायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

तू एकदा म्हणाली होतीस, "आजी, तिला नको आहे." दुकान भरलेलं होतं. मी तुझा आवाज काढून दाखवला सगळ्यांना, नाकातून, "तिला नको आँऽहे." आणि वर म्हटलं, हिला माणसाचं कळत नाही, कुत्र्याचं कळतं. तू तोंड फिरवलंस. मी तेव्हाही म्हटलं, बघा, लाजली.

उद्या सांगायचं ठरवलंय, तुझ्या बापाला आणि मास्तरांना. ठरवलंय म्हणजे अजून सांगितलेलं नाही. चेहरे वाचणारी म्हातारी म्हणून मला या स्टुलावर जागा आहे. तीच म्हातारी म्हणाली, मला वाचता येत नव्हतं, तर स्टूल तरी कशाला ठेवतील? वर खोलीत बसून भिंतीशी विनोद करायचे. पण नाही सांगितलं तर रविवारी गोदामवाला येईल.

या पत्राखाली आशीर्वाद लिहू नका, असं मी बाईंना सांगितलंय.


रविवार

ठकू,

स्टुडिओ बंद असूनही टचिंगवाल्या बाई माझ्यासाठी आल्यात. वर आमच्या खोलीत बसून लिहितायत.

काल सकाळी तुझ्या आईला घेऊन मास्तरांकडे गेले. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती रस्त्यात थांबली, पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "चला." तेवढंच. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर चालणं सोपं गेलं असतं.

मास्तरांनी दार उघडलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "या, बसा. चूक आमच्याही मुलीची होतीच. कान ओढला हे कबूलच करत नव्हती. खोटं बोलते म्हणून चांगली समज दिली तिला."

मी बसलेली उठले.

म्हटलं, "मास्तर, मुलगी खरं बोलतेय. खोटं मी बोलले."

मुलगी आतल्या दारात उभी होती, हाताला पट्टी. तिचा चेहरा मी वाचायला गेले नाही. तिला सांगितलं, बाळा, तू काही केलं नव्हतंस, चिमटीचं तोंड मी धरलं होतं. ती माझ्याकडे न बघता बापाला म्हणाली, "मी सांगत होते तुम्हाला. आजीनं असं धरलं होतं." आणि बऱ्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःची हनुवटी धरून दाखवली.

मास्तरांनी मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती गेली नाही लगेच. दाराच्या कडेलाच उभी राहिली. एका माणसाच्या घरात मी काय करून ठेवलं होतं, ते मला तिथं उभ्यानं बघावं लागलं. चहा विचारला त्यांनी. मी नको म्हटलं.

तुझ्या बापाला दुकानात सांगितलं. तो लेन्स पुसत होता, पुसतच राहिला. मग शिडी आणली आणि भिंतीवरचे फोटो काढायला लागला, वरून खाली, एकेक. मधेच म्हणाला, "आई, उद्यापासून तू वरच बस." मी म्हटलं, "बरं." तो शिडीवरून माझ्याकडे बघत राहिला, कारण मी त्याला आजवर नुसतं "बरं" कधी म्हटलेलं नाही. गोदामवाल्याला त्यानं तिथूनच फोन केला, येऊ नकोस म्हणून. मास्तरांचं एकच म्हणणं आहे, मुलं येतात तिथं ती नको. तेव्हा आम्ही दोघी आता वर. दोघींची नोकरी एकाच दिवशी गेली.

तिला वर आणताना तुझ्या आईनं आणलं, माझ्याकडे ती येईना. पलंगाखाली जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलंय, समोर जाऊन वाकायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हाक मारायची नाही. जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचं. यायचं तर ती येईल. मी बसले. माझे गुडघे म्हणजे काय ते तुला माहीत आहेत, बसताना असा आवाज झाला की तीच दचकली. बराच वेळ गेला. मग मला राहवलं नाही, जन्माची सवय, मी हात पलंगाखाली सरकवला.

ती गुरगुरली.

बारीक, घशातल्या घशात. आणि थांबली, टिचकीची वाट बघत. डोळे मिटून घेतले होते तिनं.

मी हात काढून घेतला. आधी मला वाटलं मी हसतेय, पण ते हसणं नव्हतं. टचिंगवाल्या बाई आत्ता म्हणतात, रडलात असं लिहू का. लिहा काय लिहायचं ते.

एक सांगायचं राहिलं. तू बॅग घेऊन गेलीस त्या दिवशी शेजारपाजारचे विचारत होते, काय झालं, कशी गेली. मी सगळ्यांना एकच सांगितलं. काही कारण नाही, काही सूचना नाही.

आजी


शनिवार

ठकू,

तुझं पत्र आलं. टचिंगवाल्या बाईंनी आधी मनात वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, "मोठ्यानं वाचा. आणि गुळगुळीत करून वाचू नका."

त्यांनी वाचलं. खोली मिळाली आहे, तिथं कुत्रं चालतं, चिमटीला न्यायला उद्या सकाळी येतेस. मला भेटायला येत नाहीस. मी माफी मागू नये, कारण मागितली तर तुला द्यावी लागेल आणि तुला ती द्यायची नाही. राग गेलेला नाही. जाईल की नाही माहीत नाही.

दुसऱ्यांदा वाचायला लावलं. माझ्या जिभेवर इतकं चुरचुरीत उत्तर आलं होतं म्हणून सांगू, बाई तर आधीच हसायच्या तयारीत बसल्या होत्या. गिळलं. बरं झालं तू लिहिलंस. असंच लिहीत जा, गोड करू नकोस.

हे पत्र तुझ्या आईकडे देते, तू आलीस की ती तुझ्या हातात ठेवेल.

चिमटीचं सामान खालच्या दाराशी आहे. पट्टा नवा घेतलाय, जुना मानेला काचत होता. तिला उचलू नकोस, तू पायरीवर बस, ती येईल. तुझा वास तिच्या लक्षात असेलच. पण पहिल्यांदा जांभई दिली, तोंड फिरवलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. थांब जरा. ती अजून माझ्या मांडीवर आलेली नाही, पण काल रात्री माझ्या चपलेवर डोकं टेकवून झोपली. चप्पल माझ्या पायात नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मी वर असेन. दार उघडं ठेवते. हाक मारणार नाही, जिन्यात येणार नाही, आईकडून निरोप पाठवणार नाही. खिडकीतून डोकावणारही नाही.

टचिंगवाल्या बाई माझ्याकडे बघतायत.

लिहा हो. डोकावणार नाही.

आजी